उभी आहेस तोवर

“तू कोण गं? हात लावू नको मला! माझ्या चंदनाला बोलीव... चंदनाऽऽ!”

पद्माक्कांनी हात झटकला, तसा तांब्या निसटून न्हाणीच्या फरशीवर खणखणत गेला आणि पाणी त्रिशलाच्या तोंडावर, पदरावर उडालं. आईच्या पाठीला साबण लावायला ओणवी झालेली त्रिशला जागच्या जागी थबकली. पाण्याचं तिला काही वाटलं नाही. ‘तू कोण’ या प्रश्नाचंही आता नवल उरलं नव्हतं; आईच्या डोक्यातून वार गेले, सण गेले, शेजारपाजार गेला, त्यातच केव्हातरी आपणही गेलो, अशी तिनं मनाची समजूत घालून ठेवली होती. पण त्या रित्या झालेल्या डोक्यात एकच नाव तसंच्या तसं शाबूत राहावं... आणि ते आपलं नसावं! याची समजूत कशी घालायची, ते तिला आजवर साधलं नव्हतं.

“व्हय आई, बोलावते. आधी पाठ तर धुऊ या,” असं म्हणून ती तांब्या उचलायला वाकली, आणि एकाएकी डोळ्यांपुढं काळोख दाटला. कानांत कुठंतरी पाणी कोसळत असल्यासारखा आवाज सुरू झाला, पायांतलं बळ कुणीतरी खेचून घ्यावं तसे गुडघे मोडले. तिनं चाचपडत भिंतीतला नळ धरला. मी पडणार... आता पडणार! त्या काळोखात तिला स्वतःच्या कपाळमोक्षाची भीती वाटली नाही. वाटली ती एवढीच, की आपण इथं आडव्या झालो तर ही ओली, उघडी, हाडांचा सापळा झालेली म्हातारी पाटावर कुडकुडत बसून राहील, केव्हातरी उठायला जाईल, घसरेल... आणि तिला उचलायला या घरात दुसरं माणूस नाही!

काळोख हळूहळू विरला. आई भिंतीकडं तोंड करून काहीतरी पुटपुटत होती. त्रिशलानं तिच्या अंगावर पाणी घातलं, अंग पुसलं, लुगडं नेसवलं, पांढऱ्या केसांचा आंबाडा घातला, तिला कॉटवर नेऊन बसवलं, आणि मग स्वैपाकघराच्या दाराआड जाऊन पदराचा बोळा तोंडात धरून ती कितीतरी वेळ नुसती उभी राहिली.

निपाणीच्या अलीकडं, हायवेपासून हाकेच्या अंतरावर तवनाप्पा पाटलांचा हा मळा. तवनाप्पांना मुलगा नव्हता, दोन मुलीच. थोरली त्रिशला घरकाम उरकून आईच्या मागोमाग बस्तीत, जैन मंदिरात जाणारी, अबोल. धाकटी चंदना हुशार, बोलकी, बेळगावच्या कॉलेजात शिकणारी. त्रिशलाचं लग्न सदलग्याच्या एका चांगल्या घरात ठरलं होतं, साखरपुडा झाला होता, हिरव्या शालूची घडीसुद्धा मोडायची राहिली होती... आणि त्याच आठवड्यात बातमी आली, की चंदनानं नागेंद्र नावाच्या, जातीबाहेरच्या एका कानडी मुलाशी लग्न केलं! सदलग्याहून निरोप आला, धाकटीनं असं केलं त्या घरातली थोरली आम्हांला नको. तवनाप्पांनी त्या दिवसापासून चंदनाचं नाव घरात बंद केलं. आणि त्रिशला? तिनं पुन्हा कुणापुढं चहाचा ट्रे घेऊन उभं राहायचं नाकारलं. वडील अंथरुणाला खिळले, तिनं त्यांचं केलं. वडील गेले, तेव्हा चंदना धावत आली, अंगणात उभी राहून रडली. त्रिशला तिच्याकडं पाठ करून बसून राहिली. पुढं आईची आठवण जाऊ लागली. बेळगावजवळच्या हिंडलग्याला चंदनाचं घर होतं; तिथून तिचे फोन येत. पडद्यावर तो नंबर दिसला की त्रिशला फोन पालथा घालून ठेवी.

आणि ज्या नावाला तिनं घराचं दार लावलं होतं, तेच नाव आता आई दिवसभर घोकत होती!

आईच्या गोळ्या आणायला ती आईला घेऊन निपाणीच्या दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आईला तपासायच्या आधी हिलाच समोर बसवलं, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“किती दिवस अंगावर काढते आहेस?”

त्रिशलाची मान खाली गेली. “अंगावरनं जातंय बाई... कवा कवा लईच जातंय. वयच हाय नव्हं तसलं.”

“वयावर ढकलू नकोस.”

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. अंगात रक्त फार कमी होतं, आणि गर्भाशयात गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. अशी गाठ बहुतेक वेळा साधी असते. पण काढून तपासल्याशिवाय शब्द देता येत नाही, म्हणाल्या. गाठ... त्रिशलानं तो शब्द मनाशी एकदा उच्चारून पाहिला. पण तिनं विचारलं ते वेगळंच.

“ऑपरेशन झाल्यावर किती दिवसांनी कामाला लागता येतंय?”

“दीड-दोन महिने वाकायचं नाही, जड उचलायचं नाही.”

त्रिशला हसली. रडून संपलेल्या माणसाला येतं तसलं ते हसू होतं. “आईला उचलावं लागतंय बाई. उठताना, बसताना, हागताना-मुतताना. तिला काय सांगू, दोन महिनं थांब म्हणून?”

“घरात दुसरं कोण आहे?”

“कोण न्हाय.”

“भाऊ? बहीण?”

“न्हाय.”

तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून हाक आली, “चंदनाऽऽ! अगं चंदना!” डॉक्टरीणबाईंनी त्रिशलाकडं पाहिलं. त्रिशला आपल्या हातांकडं पाहत बसली.

“ऐक त्रिशला,” त्या हलकेच म्हणाल्या. “सेवा करणारं माणूस पडलं, की घरात आजारी दोन होतात आणि करणारं एकही उरत नाही. तू हळूहळू त्याच वाटेनं निघाली आहेस. कधी पडशील ते मी सांगू शकत नाही, पण पडल्यावर माणसं शोधायला तुला शुद्ध नसेल. आईचं कोण बघणार, तुझं कोण बघणार, काय ठरवायचं ते उभी आहेस तोवर ठरव.”

रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन ती घरी आली. आणि तिनं काहीच ठरवलं नाही.

ठरवायचं म्हणजे कुणाला तरी बोलवायचं, आणि बोलवण्याजोगं माणूस साऱ्या जगात एकच होतं! ते नाव ओठांशी आलं की साखरपुड्याचा मांडव आठवे, आणि ती दात आवळून घेई. मात्र त्या दिवसापासून तिच्या मनात भीतीनं जे घर केलं, ते काही केल्या सुटेना. भिंतीचा आधार घेतल्याशिवाय ती चालेना. चुलीपाशी उभं राहायचं भय, विहिरीवर जायचं भय, जिन्याकडं बघायचंही भय. झोपताना आईच्या पदराचं टोक ती स्वतःच्या मनगटाला बांधून घेऊ लागली. पहाटे जाग आली की आधी आईचा श्वास ऐके, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून आपलाही चालू आहे ना, ते बघे... शेजारच्या मळ्यातली मालुबाई कुंपणावरून म्हणाली, “तोंड कसं पांढरंफटक पडलंय गं तुझं! दावलंस का कुठं?” तर त्रिशलानं उन्हाचं निमित्त सांगितलं. एकदा का दुसऱ्यानं ऐकलं, तर ते खरंच होईल असं तिला वाटत होतं!

आणि एका दुपारी ते झालंच.

ती परसात धुणं वाळत घालत होती. आईचं भिजलं लुगडं पिळून दोरीवर टाकायला तिनं हात वर केले, एवढंच तिला आठवत होतं. जाग आली ती गालावरून मुंगी फिरत होती म्हणून. अंगावर ते ओलं लुगडं पडलेलं, तोंडात माती, आणि दोरीखालची सावली गोठ्याच्या भिंतीपर्यंत सरकलेली. किती वेळ गेला? तिनं कान दिला. घरातून आवाज नव्हता. हाक नव्हती! ज्या हाकेनं इतके दिवस काळीज कुरतडलं, ती हाक ऐकू येईना, तसं तिच्या अंगावर सरसरून शहारा आला.

“आई?...”

भिंत धरून, उंबरा धरून ती घरात शिरली. कॉट रिकामी. न्हाणी रिकामी. पुढचं दार सताड उघडं होतं, आणि आईच्या चपला तिथंच होत्या.

“मालुबाई! मालुबाई गं! आई न्हाय घरात!”

मालुबाई खुरपं टाकून धावत आली. “मी हिरीकडं बघते, उसातबी हाक मारते. तू रस्ता बघ!” विहीर! त्रिशला तशीच रस्त्याकडं निघाली. पळावं म्हटलं तर पायांत पळ नव्हता. चार पावलं टाकायची, बाभळीचा आधार घ्यायचा, पुन्हा चार पावलं... कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर धूळ उडवत बाजूनं जात होते. हे माझ्यामुळं! उभी होते तेव्हा मी काही केलं नाही! माझ्या हट्टाची ही शिक्षा आईला नको रे देवा, मला दे, मलाच दे!...

हायवेच्या कडेला ती पोचली आणि जागच्या जागी थिजली.

मधल्या दुभाजकात, कण्हेरीच्या झुडपांना धरून पद्माक्का उभ्या होत्या. अनवाणी. पदर वाऱ्यानं उडत होता. दोन्ही बाजूंनी लॉऱ्या, बसगाड्या, मोटारी घोंगावत निघाल्या होत्या, आणि प्रत्येक गाडीच्या झोतानं ते वाळक्या पानासारखं शरीर हेलकावत होतं. एका हातात रिकामी पिशवी धरून, बेळगावच्या दिशेला तोंड करून आई हाका मारत होती, “चंदनाऽऽ! थांब गं, मी येतेय!”

त्रिशलाच्या तोंडून ‘आई’ निघणारच होतं, पण तिनं हातानं तोंड दाबून धरलं. हाक ऐकून आई वळली तर? वळून सरळ रस्त्यावर उतरली तर? आणि आपल्या हाकेला ती वळेल तरी कशाला, तिच्या लेखी आपण कुणीच नाही! तेवढ्यात आईनं कण्हेरीची फांदी सोडली. एक पाय खाली टाकला... समोरून लॉरीचा कर्कश हॉर्न वाजला...

“आई!” त्रिशला सारा जीव गोळा करून ओरडली. “आई, मी चंदना! मी चंदना आले गं! खाली बस तिथंच! बस, मी येतेय तुझ्याकडं!”

पद्माक्का थबकल्या. मान वळवून त्यांनी आवाजाच्या रोखानं पाहिलं. आणि शाळेतलं लहान मूल सांगितल्याबरोबर बसावं तसा त्यांनी खाली टाकलेला पाय मागं घेतला आणि त्या कण्हेरीच्या बुंध्याशी मांडी घालून बसल्या. लॉरी धडधडत निघून गेली.

कडेचा पंक्चरवाला आणि आणखी दोघं गाड्यांना हात करत रस्त्यात उतरले. त्यांनी आईला उचलून अलीकडं आणलं, तेव्हा त्रिशला धुळीतच बसली होती. तिला उठता येत नव्हतं. आईचं डोकं तिनं छातीशी घट्ट धरलं. तळपायांतून रक्त येत होतं, ते पदरानं टिपलं. आईनं आपला खरबरीत हात तिच्या गालावरून फिरवला, इतक्या मायेनं, की असा स्पर्श आपल्याला केव्हा झाला होता, ते त्रिशलाला आठवेना.

“आलीस व्हय गं चंदना?”

“व्हय आई,” त्रिशला म्हणाली, आणि तिचे डोळे घळघळा वाहू लागले. “आले.”

मालुबाईनं दोघींना घरी आणलं. आईला झोप लागल्यावर त्रिशलानं फोन हातात घेतला. इतकी वर्षं पालथा घातलेला तो नंबर तिनं स्वतः लावला. पलीकडं घंटा जेमतेम एकदा वाजली.

“आक्का?” चंदनाचा आवाज कापरा झाला. “आक्का, तूच हाईस नव्हं? आई...? आईला काय झालं?”

“आई हाय,” त्रिशला म्हणाली.  “चंदना... मला भ्या वाटतंय गं. मला लई भ्या वाटतंय.”

दिवस मावळायच्या आत नागेंद्रची गाडी अंगणात आली. चंदना पायऱ्या चढून आली ती थेट कॉटपाशी गेली. “आई! अगं, मी आले... मी चंदना!”

पद्माक्कांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, आणि घरी आलेल्या पाहुणीला म्हणावं तसं म्हणाल्या, “ये बाई, बस. कुठल्या गावाची गं तू?”

चंदना मटकन खाली बसली. तिचा आक्रोश ऐकवत नव्हता. त्रिशला दाराला टेकून पाहत होती. इतक्या वर्षांचा साठलेला राग तिनं चाचपून पाहिला, तो जागेवर होता. पण त्याच्या शेजारी आता दया येऊन बसली होती, आणि त्या दोघांचं काय करावं, हे तिला सुचत नव्हतं.

“तुझंच नाव घेत्या दिवसभर,” ती कोरडेपणानं म्हणाली. “आणि तुलाच वळकत न्हाय.”

“इतकी वर्सं, आक्का! एकदा तरी बोलवायचंस मला!”

“बोलवू? माझा मांडव मोडून गेलीस तू! तुझा संसार मांडताना माझ्याकडं एकदा वळून तरी बघितलंस व्हय?”

“बघितलं!” चंदना ताडकन उठली. “तुझं लगीन मोडलं हे मला मागनं कळलं. कळल्या दिवशी मी सदलग्याला गेलते आक्का. त्या माणसांच्या दारात डोकं टेकलं. चूक माझी हाय, माझ्या भनीला शिक्षा देऊ नका म्हणून पदर पसरला. त्यांनी दार लावून घेतलं. आण्णांना फोनवर सगळं सांगितलं मी... तुला सांगा म्हणून किती विनवलं! त्यांनी सांगितलं न्हाय?”

 त्रिशलानं भिंतीवरच्या वडिलांच्या तसबिरीकडं पाहिलं. आण्णांनी शेवटी वाचा जाईपर्यंत हे पोटात ठेवलं होतं! धाकटीवर राग म्हणून, की थोरली घरात राहावी म्हणून... हे आता कुणाला विचारणार?

“मला कोणबी काय सांगितलं न्हाय,” ती पुटपुटली. मग तिचा सारा ताठा एकदम गळून पडला. “चंदना, माझ्या पोटात गाठ हाय गं. ऑपरेशन सांगितलंय. मी मेले तर मला काय न्हाय... पण आई रस्त्यात उभी हाय, असंच दिसतंय मला डोळे मिटले की...”

चंदनानं झेप घेऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. “मरायचं नाव काढू नको! खबरदार आक्का!” आणि मग दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या, की अंगणात उभ्या असलेल्या नागेंद्रनं तोंड फिरवून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून डॉक्टरीणबाईंकडं गेल्या. आधी रक्त चढवायचं, मग बेळगावात ऑपरेशन. ठरवायला बसल्यावर, इतके दिवस जे डोंगराएवढं वाटत होतं, त्याला एकेक वाट फुटू लागली. चंदना शाळेत शिकवायची, तिनं रजा काढली. मालुबाई म्हणाली, “दवाखान्यात त्रिशलासंगं मी ऱ्हाणार. मला काय घरात अडलंय?” नागेंद्र मिस्त्री घेऊन आला, न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतला, पुढच्या दाराला आईचा हात पोचणार नाही अशी उंचावर कडी लावली. आपल्या मोडक्या मराठीत तो म्हणाला, “आक्का, तुमी एकटं लई वढलासा. आता आमाला बी जरा वढू द्या.” ज्या माणसाचं तोंड पाहायचं नाही अशी त्रिशलानं शपथ घेतली होती, त्याला तिनं त्या दिवशी स्वतःच्या हातानं वाढलं.

मात्र भीती एवढ्यानं हटली नव्हती. आईला दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली, तसा तिचा जीव तीळतीळ तुटू लागला. “तिला न्हाय म्हणू नको, चंदना. न्हाय म्हटलं की बिथरत्या... घास लहान दे, मोठा गिळत न्हाय... णमोकार मंत्र म्हटला की शांत होत्या, तेवढा अजून ध्यानात हाय तिच्या...” चंदना ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचे डोळे भरून येत होते. हे सारं आक्कानं एकटीनं कसं केलं?

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवर निजून ती आत निघाली, तेव्हा छताचे दिवे डोक्यावरून एकेक करून मागं सरत होते.  ‘गाठ वाईट निघाली तर?’ आजवर तिनं स्वतःसाठी भिण्याची सवड कधी काढलीच नव्हती. आज आईपाशी चंदना होती, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत साऱ्या जन्माचं भय एकदम येऊन उभं राहिलं. मला जगायचंय! हे तिला प्रथमच कळलं, आणि ते कळल्याचीही तिला धास्ती वाटली. ती णमोकार म्हणू लागली. दुसऱ्या ओळीपाशी शुद्ध हरपली.

शुद्धीवर आल्यावर अंगातल्या कळा सोसताना तिचा पहिला प्रश्न आईचा होता. मालुबाईनं फोन लावून तिच्या कानाशी धरला.

“चंदना, आई कशी हाय?... तुझ्या नावानं आरडत न्हाय नव्हं?”

 पलीकडून चंदनाच्या हुंदक्याचा आवाज आला. “न्हाय आक्का. माझं नाव तिनं काल सकाळपासनं घेतलंच न्हाय. तूच ऐक.”

आणि फोनमधून, दुरून, अंगणाच्या बाजूनं, ती ओळखीची खणखणीत हाक आली:

“त्रिशलाऽऽ! अगं त्रिशला! कुठं गेलीस गं माझ्या बाळा?... ही कोण बाई घरात आल्या, माझ्या त्रिशलाला बोलीव म्हणावं तिला!”

त्रिशलानं डोळे मिटून घेतले. उशी भिजत गेली. इतके महिने जे नाव काट्यासारखं रुतत होतं, त्याचा अर्थ तिला आत्ता उमगत होता. जी घरात नाही, तिलाच आई हाक मारते! पाठीला साबण लावणारा हात जवळच असतो, त्याला हाक कशाला मारायची?

“टाके दुखतील, रडू नको,” मालुबाई म्हणाली, आणि स्वतःच पदर डोळ्यांना लावून बसली.

तपासणीचा निकाल यायला वेळ होता. ते दिवस त्रिशलानं कसे काढले, ते तिचं तिला ठाऊक. दारात नर्सची पावलं वाजली की ती उशीवरून मान उचलून बघे. अखेर मोठे डॉक्टर आले, आणि गाठ साधी होती एवढं बोलून पुढच्या कॉटकडं वळले. एवढ्या मोठ्या भीतीचा शेवट इतक्या लहान वाक्यात झाला, की तिनं मालुबाईकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घेतलं!

ती मळ्यात परतली, तेव्हा पद्माक्का अंगणात ऊन खात बसल्या होत्या. त्रिशला नागेंद्रचा हात धरून हळूहळू चालत त्यांच्यासमोर आली. आईनं मान वर केली, बारकाईनं पाहिलं.

“कुठल्या गावाची गं तू?”

चंदना दारातून पाहत होती. दोघींची नजरानजर झाली, आणि काय झालं कुणास ठाऊक, त्रिशलाला हसू फुटलं. टाक्यांवर हात दाबून ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “ह्याच गावची हाय आई,” ती म्हणाली आणि आईच्या पायाशी बसली. आईनं तिला उठवलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून ती पुन्हा उन्हात डोळे मिटून बसली.

भीती पुरती गेली, असं नाही. आपल्या आईचं झालं ते एक दिवस आपलंही होईल, नावं एकेक करून निघून जातील, हे भय त्रिशलाला अजून मधूनच गाठतं. परंतु आता ती ते पोटात ठेवत नाही. डॉक्टरीणबाईंना सांगते, चंदनाला सांगते. स्वतःच्या रक्ताची तपासणीही वेळच्या वेळी करून घेते. सकाळी मालुबाई येते, शनिवार-रविवारी चंदना येते, आणि पावसाळाभर आईनं हिंडलग्याला राहायचं, असंही दोघींनी आत्ताच ठरवून ठेवलं आहे.

त्याआधी, चंदनाची रजा संपत आली होती तेव्हाच्या एका दुपारी जेवणं आटोपल्यावर दोघी सोप्यात बसल्या होत्या. आईचा डोळा लागला होता. चंदना पदराशी चाळा करत खालच्या मानेनं म्हणाली,

“आक्का... मला माफ केलंस?”

 मोडलेला मांडव, परत गेलेली शालूची घडी, एकटीनं काढलेली वर्षं... ती कुणाच्या एका शब्दानं भरून यायची नव्हती, आणि खोटं बोलायची त्रिशलाला सवय नव्हती. तिनं झोपलेल्या आईकडं पाहिलं, मग बहिणीकडं. भिंतीला टेकवलेली चटई घेऊन तिनं चंदनाच्या शेजारी अंथरली, आणि सावकाश कुशीवर आडवी झाली.

“मी जरा पडते गं,” ती म्हणाली. “आई उठली तर तू बघ.”

“चहाच्या वक्ताला उठवू?”

“नको,” त्रिशला डोळे मिटत म्हणाली. “उठवूच नको आज. झोप पुरी झाली की मी उठते.”